वजन खाली टेकल्यावर

कर्णवडीहून आलेल्या त्या पोस्टकार्डाला मी उत्तर लिहिलं नाही, असं म्हणता येणार नाही. उत्तर पुष्कळदा लिहिलं. पोस्टात मात्र टाकलं नाही. कार्डावर थोड्याच ओळी होत्या आणि शेवटी एक प्रश्न होता. प्रश्न पदार्थविज्ञानाचा होता, नववीतल्या मुलानं एका वाक्यात सोडवावा असा, आणि मी तर तो विषय आयुष्यभर शिकवला. तरी दर वेळी लिहून झालं की वाटायचं, हे बरोबर आहे, पण हे उत्तर नव्हे. मग तो कागद हाताशी असेल त्या पुस्तकात जायचा. आज माझी पुस्तकं कुणी झटकली, तर कुठून कुठून ती उत्तरं गळतील.

प्रश्न काय होता ते कळायला आधी मनोऱ्यावर जायला हवं.

"डोकं सांभाळा, सर. तुळई खाली आहे," वरून आवाज आला, आणि त्याच क्षणी मी डोकं तुळईवर आपटलं.

"लागलं का?"

"नाही."

"आवाज आला की."

लाकडी जिन्याच्या शेवटच्या पायऱ्या चढून वर आलो आणि कपाळ चोळत उभा राहिलो. ताराबाई पांचाळांना मी प्रथम पाहिलं ते असं, एका डोळ्यात पाणी आणून.

कर्णवडी हे एके काळचं छोटं संस्थान. राजे गेले, पण त्यांनी बाजारचौकात बांधलेला घड्याळाचा मनोरा राहिला. गाव त्या घड्याळावर उठायचं, जेवायचं, लग्नं लावायचं. घड्याळाला चावी द्यायचं काम भिकोबा पांचाळ तरुणपणापासून करत आलेले. आदल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवं अंग गेलं, आणि तेव्हापासून त्यांची मुलगी तारा त्यांच्या नावावर चावी देत होती. तिचं लग्न झालेलं नव्हतं. बापलेक मनोऱ्याच्या पायथ्याशी नगरपालिकेच्या खोलीत राहत. आता नगरपालिकेपुढे प्रश्न होता तो हा, की ताराबाईंना बापाच्या जागी कायम करायचं, की चावी द्यायला विजेची मोटार बसवायची. मोटार आली असती तर पगार गेला असता, आणि पगाराबरोबर ती खोलीही.

मी तिथल्या हायस्कुलात नुकताच विज्ञानशिक्षक म्हणून लागलो होतो. चोवीस वर्षांचा होतो, वर्गातसुद्धा भिंतीकडे बघून शिकवत असे. नगराध्यक्ष बाबासाहेब निकमांनी मला बोलावून घेतलं आणि पान जुळवत म्हणाले, "खांबेटे मास्तर, एजंट म्हणतो अर्ध्या हॉर्सपावरची मोटार बसवा. मी म्हटलं, आधी पोरीची हॉर्सपावर किती भरते ते तरी बघू. बाईमाणसाच्या हाती घड्याळ द्यायचं म्हणजे चार लोक विचारणार. तुम्ही काढा हिशेब. शास्त्रावर सोडू आपण."

नाही म्हणायला मला कधीच जमलेलं नाही.

म्हणून त्या रविवारी दुपारी मी वर आलो होतो. आत अंधूक उजेड होता. घड्याळाची तबकडी दुधी काचेची होती आणि तिच्यातून ऊन गाळून येत होतं, ताकासारखं पातळ. बाहेरच्या काट्यांच्या सावल्या त्या काचेवर पडल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. काहीतरी चुकत होतं, काय ते कळत नव्हतं.

"उलटं चालतंय," ताराबाई म्हणाल्या. "आतून बघितलं की उलटंच दिसतं. मला लहानपणी वाटायचं, बाहेरच्यांचा दिवस पुढं जातो आणि आमचा मागं."

त्या माझ्याच वयाच्या असाव्यात. पदर कमरेला खोचलेला, हाताला तेलाचा वास. सातवी झालेल्या होत्या आणि पुढं शिकायचं राहून गेल्याचा राग त्यांच्या बोलण्यात अधूनमधून डोकावे.

मी खिशातून कागद काढला. "आधी काम काढायचं, मग त्याला वेळेनं भागायचं. की शक्ती मिळते."

"काम म्हणजे काय काय धरायचं? मी जिना झाडते, चाकांना तेल घालते, पारव्यांची घाण काढते."

"शास्त्रात फक्त वजन आणि उंची. किती वजन किती वर नेलं, ते."

"झाडणं नाही धरत?"

"नाही."

"बरंय. नगरपालिकाही धरत नाही."

घड्याळ चालायचं ते एका वजनावर. लोखंडाच्या जाड चकत्या एकावर एक रचून तारेच्या दोराला टांगलेल्या, आणि तो दोर एका आडव्या पिंपाला गुंडाळलेला. पिंपाला लोखंडी हात लावून फिरवलं की वजन वर यायचं. यालाच चावी देणं म्हणत. मग ते वजन आपल्या भारानं चाकं फिरवत मनोऱ्याच्या पोकळीतून खाली खाली जायचं, इतकं सावकाश, की टक लावून बसलं तरी उतरताना दिसत नसे. तळाला पोचायला आठ दिवस लागत. भिकोबांची खाट त्या पोकळीच्या भिंतीला लागूनच होती.

चकत्यांवर वजन कोरलेलं होतं. सगळ्या मिळून दीडशे किलो भरल्या. पोकळीत सुतळी सोडून उंची मोजली, ती दहा मीटर. मी हातात घड्याळ घेऊन बसलो आणि ताराबाईंनी चावी द्यायला सुरुवात केली.

उजव्या हातानं त्या फिरवत होत्या. डावा तळहात पिंपावर चढणाऱ्या दोरावर ठेवलेला. दोराचा एक वेढा दुसऱ्या वेढ्याला चिकटून बसला की मगच पुढं. मध्ये थांबत, कान देत, पुन्हा फिरवत. मी घड्याळ बघायचं विसरून तो तळहात बघत राहिलो आणि मग घाबरून पुन्हा घड्याळाकडे वळलो.

वीस मिनिटं लागली. मी कागदावर भागाकार केला, पुन्हा करून पाहिला.

"किती?"

"साडेबारा वॅट."

"घोड्यात सांगा. बाबासाहेब घोड्यात विचारणार."

"घोड्यात..." मी कागदावरची नजर वर केली नाही. "साठावा हिस्सा."

कोपऱ्यात पारवे घुमत होते.

"आणि हेच मी लवकर केलं तर?"

"काम तेवढंच राहील. शक्ती वाढेल. अर्ध्या वेळात केलंत तर दुप्पट, पाव वेळात केलंत तर चौपट."

यातला एकही शब्द चूक नव्हता. अजूनही तो धडा मी असाच शिकवीन.

पुढच्या रविवारी निकम स्वतः मनोऱ्यावर आले. तुळईला त्यांचंही डोकं लागलं, पण ते मोठ्यानं ओरडले, म्हणजे माझ्यापेक्षा बरे. जिन्याच्या तोंडाशी रुमालानं वारा घेत ते म्हणाले, "हं, चालू दे पोरी."

ताराबाईंनी पदर घट्ट खोचला आणि दोन्ही हातांनी दांडा धरला. दोन्ही हातांनी. मला ते दिसलं आणि तरी काही सुचलं नाही. दांडा गरगर फिरू लागला. पिंप कुरकुरत होतं, वजन पोकळीच्या भिंतीला घासत वर येत होतं. खालून भिंतीवर काठी आपटल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा. भिकोबांना बोलणं नीट जमत नसे, म्हणून हाक मारायची झाली की ते काठी आपटत. ताराबाई थांबल्या नाहीत. काठी आपटत राहिली. पाच मिनिटांत वजन वर आलं आणि त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, मान खाली घालून, घाम निथळत.

"किती भरली, मास्तर?"

"पंधरावा हिस्सा," मी म्हणालो. "एका घोड्याचा."

"पंधरावा." निकमांनी जरा विचार केला. "म्हणजे घोड्याचा एक कान म्हणायचा."

ते हसले तेही वाईट मनानं नव्हे. जाताना ताराबाईंना म्हणाले, "मेहनत आहे हो तुझी. पण शुक्रवारच्या सभेत कानावर मतं कशी मागू? मास्तर, तुम्हीही या सभेला."

आम्ही खाली आलो तेव्हा भिकोबा खाटेवर उठून बसायची धडपड करत होते.

"दोर बोलला न्हाई आज," ते म्हणाले. शब्द तोंडात घोळत बाहेर येत होते. "कुणी सांगितली घाई?"

"शास्त्रानं," ताराबाई म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या. भिकोबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की शास्त्र ते मीच असावं.

बुधवारी मधल्या सुट्टीनंतर मुलं वर्गात येईनात. शिपाई बाहेर कपाळाला हात लावून चौकाकडे बघत उभा होता. दुपार पुढं सरकली होती, पण मनोऱ्यावर अजून बाराला पाच कमीच होते. चौकात माणसं माना वर करून उभी होती. भाजीवाल्या बायका, टांगेवाले, मामलेदार कचेरीतले कारकून, सगळे गप्प. पाऊस अचानक थांबला की माणसं बाहेर येऊन आभाळाकडे बघतात, तशी.

मी वर गेलो. या वेळी डोकं वाकवलं.

ताराबाई पिंपापाशी जमिनीवर बसून दोर सोडवत होत्या. घाईत दोराचे वेढे एकमेकांवर चढले होते. वजन उतरता उतरता त्या गुंत्यात अडकलं, मग वरचा वेढा घसरला आणि दीडशे किलोंनी एकदम गचका दिला. घड्याळ जागच्या जागी थांबलं. गुंता सोडवताना तारेनं त्यांचा डावा तळहात फाटला होता, त्याला फडकं गुंडाळलेलं होतं.

"दोरावर हात नव्हता ना," त्या म्हणाल्या. "दोन्ही हात चावीला होते. तुमचा आकडा मोठा यावा म्हणून."

"माझा?"

"मग कुणाचा? सगळे तुमच्याच आकड्याची वाट बघत होते. मी पण."

मी खाली बसलो आणि दोराचं दुसरं टोक धरलं. बराच वेळ आम्ही दोर सोडवत होतो. चाकांचा आवाज नव्हता. इतका वेळ तो आवाज होता हे तो गेल्यावर कळलं. काचेवर काट्यांच्या सावल्या होत्या, पण आता त्या पुढंही जात नव्हत्या आणि मागंही. पारवेसुद्धा घुमायचे थांबले होते, किंवा मला तसं वाटलं. मी त्या बंद पडलेल्या दुपारी तिथं किती वेळ होतो ते आजही सांगता येणार नाही, आणि मोजायला तर तिथलं घड्याळ बंदच होतं.

"शुक्रवारी काय सांगाल?" त्यांनी विचारलं.

"जे आहे तेच."

"पंधरावा हिस्सा."

"हो."

"सांगा. पण हळू सांगू नका. तुम्ही शिकवता ते तिसऱ्या बाकाच्या पुढं जात नाही म्हणतात. हसायचंच असेल तर सगळ्यांना एकदम हसू द्या. एकेकाला पुन्हा सांगत बसावं लागलं तर मला ऐकवणार नाही."

दोर सुटला. त्यांनी फडक्याचा हात दोरावर ठेवला आणि हळूहळू, थांबत थांबत चावी दिली. मग लंबकाला बोटानं जरासा धक्का दिला. मोठं चाक एक दात पुढं सरकलं. टक. मग पुन्हा टक. काचेवरची सावली मागं जाऊ लागली.

मी त्या सावलीकडे बघत बसलो होतो, आणि तेव्हा मला ते दिसलं. इतके दिवस मी भागाकार केला होता तो चुकीच्या वेळेनं.

शुक्रवारच्या सभेला नगरपालिकेचं दालन भरलेलं होतं. ताराबाई दारापाशी उभ्या होत्या, फडक्याचा हात पदराखाली.

"एकतर पंधरावा हिस्सा," निकम म्हणाले, "आणि त्यात बुधवारी घड्याळ बंद. बोला मास्तर, आणखी काय सांगायचं शिल्लक आहे?"

मी उभा राहिलो. "आकडा बरोबर आहे. पण..."

"मोठ्यानं बोला की, मास्तर," मागून एक सभासद म्हणाले. "मुलगी बघायला आलायसा काय?"

दालन हसलं. माझे कान तापले. दाराकडे बघायची सोय नव्हती, म्हणून मी बघितलं समोरच्या भिंतीकडे, नेहमीसारखं, आणि भिंतीला सांगू लागलो.

"आपण ताराबाईंची शक्ती काढली. घड्याळाला किती लागते ते काढलंच नाही. तेच वजन, तीच उंची. ताराबाई ते वर नेतात काही मिनिटांत. घड्याळ ते खाली सोडतं आठ दिवसांत. काम दोघांचं सारखंच. घड्याळाची शक्ती काढताना मात्र आठ दिवसांनी भागायला हवं."

"मग किती येते?"

समोरच्या भिंतीवर, भिंतीवरच्या घड्याळाशेजारी, एक पाल निवांत वर चालली होती. मी मनातल्या मनात तिचं वजन धरलं, तिचा वेग धरला. हिशेब जवळपास जुळला.

"पाल भिंतीवर चढते ना," मी म्हणालो, "साधारण तेवढी."

कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या.

"पाल?" निकम म्हणाले.

"पाल."

"म्हणजे महाराजांचं घड्याळ आजवर पालीच्या पावरवर चाललंय?"

"हो. आणि ताराबाई अगदी सावकाश चावी देतात तेव्हासुद्धा घड्याळाला लागते त्याच्या पाचशे पट त्यांच्याकडे असते. अर्धा घोडा आणला तर तो फिरवील भराभर, पण दोरावर हात ठेवणार नाही. बुधवारी घड्याळ बंद पडलं ते शक्ती कमी पडली म्हणून नाही, जास्त झाली म्हणून. आणि लवकर फिरवलं तर आकडा मोठा येतो, हे त्यांना मी सांगितलं होतं."

एवढं मी आयुष्यात कधी सलग बोललो नव्हतो. मी खाली बसलो. निकम बराच वेळ पालीकडे बघत राहिले. ती छताशी पोचली आणि तुळईमागं गेली.

"एजंटाला कळवा," ते शेवटी हेडक्लार्कना म्हणाले, "आमच्याकडं पाल आहे म्हणावं. आणि पोरीला कायमची ऑर्डर काढा."

त्यानंतरच्या रविवारी मी मनोऱ्यावर गेलो, अभिनंदन करायला. ताराबाई म्हणाल्या, "चौकातली पोरं मला आता पाचशे पाली म्हणतात. घोड्याचा कान बरा होता, सर." पण त्या हसत होत्या. पुढच्या रविवारीही मी गेलो, मग दर रविवारी. जाताना एखादं पुस्तक नेत असे. त्या चावी देत आणि मी वाचून दाखवत असे. तिथं माझा आवाज कुणाला कमी पडत नव्हता. वाचून झालं की आम्ही काचेवरच्या सावल्या बघत बसायचो. कोण काय बोललं ते फारसं आठवत नाही. खाली बाजारात दिवस पुढं चाललेला असे आणि वर तो आमच्यासाठी मागं येत असे, असं मात्र वाटायचं. कदाचित हे मी नंतर रचलं असेल.

मग मला नाशिकच्या कॉलेजातून बोलावणं आलं.

"कधी निघणार?" ताराबाईंनी विचारलं.

"उद्या सकाळच्या एस.टी.नं."

"आणि सांगताय आज."

"आपण रविवारीच भेटतो ना."

त्यांनी पिंपाकडे बघितलं, मग लोखंडी दांडा माझ्या हातात दिला. "आज चावी तुम्ही द्या."

"मला जमेल?"

"पालीपेक्षा जास्त असेलच तुमच्यात."

मी फिरवू लागलो. वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं. त्या शेजारी उभ्या राहून दोरावर तळहात ठेवत होत्या. जखमेचा पांढरा वण दोराबरोबर सरकत होता. "हं," म्हणाल्या की मी फिरवायचं, गप्प झाल्या की थांबायचं. खालून भिंतीवर काठी वाजली, आणि पोकळीतून भिकोबांचे घोळते शब्द वर आले. "कोण हाय वर? हात नवा हाय."

"सर आहेत, बाबा."

जरा वेळानं खालून आवाज आला, "ऱ्हाऊ दे. चांगलं चाललंय."

वजन वर आलं तेव्हा माझा सदरा भिजला होता. ताराबाई म्हणाल्या, "आता आठ दिवस गाव तुमच्या कामावर चालणार."

मला आणखी काही बोलायचं होतं. त्यांनाही ते ठाऊक असावं, कारण त्या दांडा जागेवर ठेवायचं काम फार सावकाश करत होत्या.

"तेल वेळच्या वेळी घालत जा," मी म्हणालो.

"घालते," त्या म्हणाल्या.

सकाळी एस.टी. चौकातून वळली तेव्हा मी खिडकीतून वर बघितलं. मोठा काटा पुढं सरकला. माझे दंड अजून दुखत होते.

नाशिकला मला ते कार्ड आलं, दहा-बारा दिवसांनी.

"सर, सा. न. वि. वि. या रविवारी मी चावी दिली नाही. तुमची चावी कुठवर पुरते ते बघायचं होतं. सोमवारी दुपारी वजन खाली टेकलं आणि घड्याळ थांबलं. थोडा वेळ मी तशीच बसून राहिले, मग चावी दिली. गावात कुणाच्या लक्षात आलं नाही. विचारायचं ते असं, की वजन खाली टेकल्यावर त्यातलं काम कुठं जातं? हे तुम्ही शिकवलं नाहीत. कळवावे. तारा."

ज्या बाईची नोकरी घड्याळ थांबलं म्हणून जाता जाता राहिली होती, तिनं ते आपण होऊन थांबू दिलं होतं. हे मला तेव्हा दिसलंच नाही. मी प्रश्नाचं उत्तर लिहायला बसलो. चाकांच्या घर्षणात जातं, टकटक आवाजात जातं, त्याची उष्णता होते, ती हवेत मिसळून जाते. बरोबर होतं. ते मी पुस्तकात ठेवून दिलं. पुन्हा लिहिलं, ते दुसऱ्या पुस्तकात. मग वर्ष गेलं, आणि आता इतक्या उशिरा काय लिहायचं, असं वाटू लागलं. पुढं तेच वाटत राहिलं.

माझं लग्न झालं. शैलाबरोबर मी सुखात राहिलो. पुस्तकं झटकताना एकदा तिला ते कार्ड सापडलं.

"ही तारा कोण हो?"

"गावच्या घड्याळाला चावी देत असत."

तिनं कार्ड उलटसुलट करून वाचलं, होतं त्या पानात परत ठेवलं आणि म्हणाली, "उत्तर टाका की. बाई वाट बघत असतील." नंतरही दर दिवाळीच्या साफसफाईला ती ते कार्ड पुसून त्याच पानात ठेवायची. काही विचारायची नाही. तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

गेल्या महिन्यात कर्णवडीच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. घोडके त्याचं नाव. तोही आता आजोबा आहे. इकडचं तिकडचं झाल्यावर मी, अगदी सहज विचारल्यासारखं, घड्याळ चालतं का म्हणून विचारलं.

"चालतं की, सर. ताराआक्का आहेत ना. रिटायर होऊन जमाना झाला, पण नगरपालिकेनं खोली त्यांच्याकडंच ठेवलीय. चावी त्यांचा चुलतभाचा देतो. दोरावर हात मात्र आक्काच ठेवतात. दुसऱ्या कुणाला ठेवू देत नाहीत."

"वर चढतात?"

"सावकाश चढतात. विचारलं तर म्हणतात, काम तेवढंच आहे."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खुर्चीतच होतो. दुपार होती. समोरच्या भिंतीवर खिडकीच्या गजांच्या सावल्या पडल्या होत्या. मग मी उठून पोस्टात गेलो आणि कार्ड मागितलं. खिडकीतल्या मुलीनं "कार्ड? साधं?" असं विचारून बऱ्याच शोधानं एक काढून दिलं.

घरी येऊन लिहिलं. खाडाखोड केली नाही, कारण दुसरं कार्ड आणलं नव्हतं.

"ताराबाई, सा. न. वि. वि. आपला प्रश्न पोचला होता. वजन खाली टेकल्यावर त्यातलं काम उष्णता होऊन विरून जातं, असं पुस्तकात आहे आणि मीही आजवर तसंच शिकवलं. पण खरं विचाराल तर मला माहीत नाही. आपण त्या रविवारी माझ्याकडून चावी देवविली, तेव्हा माझ्याकडंही काही वर गेलं होतं. ते अजून खाली टेकलेलं नाही. टेकलं की कळवीन. खांबेटे."

वाचलं तर भीती वाटली असती, म्हणून न वाचता पत्ता घातला. घड्याळाचा मनोरा, बाजारचौक, कर्णवडी. एवढा पुरतो.

कोपऱ्यावरची पोस्टाची पेटी आता कुणी फारशी वापरत नाही. तिच्या तोंडात कार्ड धरून मी थोडा वेळ उभा राहिलो. मागं एक मुलगी सायकलची घंटी वाजवत होती, "आजोबा, सरका की." मी सरकलो नाही. बोटं सोडली. पेटी रिकामी असावी, कारण कार्ड तळाला टेकल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.